ताम्रपिच्छ तुराको

एखाद्या पक्ष्याचे पीस जाळावे आणि त्याच्या ज्वाळेस हिरवी कडा दिसावी, मागे उरलेली राख तपासावी आणि तीत तांबे सापडावे, ही गोष्ट कोणी सांगितली तर आमचे पुष्कळ वाचक तिची गणना अद्भुतकथेत करतील. परंतु ही गोष्ट प्रयोगशाळेत घडलेली आहे. आर्थर हर्बर्ट चर्च या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत १८६९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. आफ्रिकेतील एका पक्ष्याच्या पंखातील लाल रंग त्याने पिसातून वेगळा काढला, त्याचे पृथक्करण केले आणि त्या रंगद्रव्यात तांबे आहे असे सिद्ध केले. पुढे अधिक काटेकोर मापने झाली, तेव्हा हे प्रमाण शेकडा सुमारे सात भाग इतके भरले. तो पक्षी म्हणजे तुराको.

संस्कृतात 'ताम्र' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक तांबे हा धातू आणि दुसरा तांबूस रंग. कवींनी ओठांस, पालवीस व उगवत्या सूर्यास ताम्र म्हटले, ते अर्थातच दुसऱ्या अर्थी. 'ताम्रपिच्छ' असा बहुव्रीही समास करून तो तुराकोस लावला, तर मात्र दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरतात. त्याचे पीस वर्णानेही ताम्र व द्रव्यानेही ताम्र. कोणा कवीस न सुचलेला हा श्लेष सृष्टीने आपण होऊन साधला आहे. याच पक्ष्याच्या जीवनक्रमाची ओळख आज वाचकांस करून द्यावी असा आमचा विचार आहे. रंगाची कथा तीत आहेच. परंतु रंगाहून मोठी अशीही एक गोष्ट तीत आहे.

प्रथम नाव व कूळ. 'तुराको' हा शब्द मराठी कानास ओळखीचा वाटतो, कारण या पक्ष्याच्या डोक्यावर खरोखरच सुंदर तुरा असतो. परंतु हे नामसादृश्य केवळ योगायोगाचे समजावे. या कुळाच्या सुमारे २३ जाती आहेत, आणि त्या सर्वच्या सर्व आफ्रिका खंडात, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस राहतात. इतरत्र कोठेही तुराको रानटी स्थितीत आढळत नाही. असे असूनही युरोपीय पंडितांनी आरंभी त्याचे नामकरण करताना मोठी मौज केली. लिनियसने १७५८ साली गिनी किनाऱ्यावरील हिरव्या तुराकोस कोकिळेच्या गोत्रात बसविले आणि त्याच्या शास्त्रीय नावात 'पर्सा', म्हणजे इराणी, असे पद योजिले. इराणचे त्या पक्ष्याने कधी दर्शनही घेतलेले नाही. तथापि नामकरणाच्या नियमाप्रमाणे ते पद आजही त्याच्या नावास चिकटून आहे.

कुळाचे शास्त्रीय नाव 'म्युसोफॅगिडी', म्हणजे 'केळी खाणाऱ्यांचे कूळ'. यातील 'म्युसा' हे केळीचे शास्त्रीय नाव लिनियसने अरबी 'मौज' या शब्दावरून घेतले. आणि तो अरबी शब्द मुळात आपल्या 'मोचा' शब्दावरून गेला असावा, असे भाषापंडित मानतात. अमरकोश पाठ केलेल्या वाचकांस स्मरत असेल की केळीच्या पर्यायनामांत कदली, रंभा यांच्या पंक्तीस मोचाही आहे. अशा रीतीने आपला एक शब्द अरबी गलबतांतून पश्चिमेस गेला, तेथे लॅटिन वेष धारण करता झाला आणि शेवटी आफ्रिकेच्या अरण्यातील एका पक्ष्याच्या नावावर जाऊन बसला. यातील गंमत अशी की, रानातला तुराको केळी फारशी खातच नाही! त्याचा निर्वाह रानउंबरांसारख्या जंगली फळांवर चालतो. पिंजऱ्यात ठेवलेला पक्षी केळे आवडीने खातो, एवढ्यापुरतेच ते नाव सार्थ.

आता त्याचे रूप पाहू. या कुळातील बहुतेक हिरव्या जाती ४० ते ४५ सेंटिमीटर लांबीच्या असतात, आणि त्यातील निम्मी लांबी शेपटीचीच. अंग पाचूच्या रंगाचे, डोळ्याभोवती लाल कडे, डोक्यावर मऊ पिसांचा उभा तुरा. दक्षिण आफ्रिकेच्या किनारपट्टीवरील निस्ना तुराकोच्या तुऱ्यास पांढरी किनार असते. पक्षी फांदीवर बसला असता हिरव्या पानांत हिरवाच होऊन जातो. अगदी डोक्यावरच्या फांदीवर असला तरी शोधूनही सापडत नाही. पण तो उडाला रे उडाला की पंख उलगडतात, आणि आत झाकून ठेवलेला किरमिजी रंग एकदम झळकतो. पुन्हा बसला की तो रंग पंखाच्या घडीत गडप होतो. पैठणीचा पदर क्षणभर उलगडून पुन्हा पेटीत ठेवून द्यावा, तसाच हा प्रकार.

या रंगांचे वैशिष्ट्य नीट समजून घेण्याजोगे आहे. आपल्या परसातील पोपट हिरवा दिसतो. परंतु त्याच्या पिसात हिरवे असे रंगद्रव्य नसते. पिसाची सूक्ष्म घडणच अशी असते की तीवरून निळा प्रकाश परावर्तित होतो, आणि त्यात पिवळ्या रंगद्रव्याची भर पडून आपल्या डोळ्यांस हिरवेपणाचा भास होतो. पक्षिजातीतील बहुतेक हिरवे रंग या ना त्या प्रकारे असेच साधलेले असतात. तुराकोचा हिरवा मात्र अस्सल आहे. त्याच्या पिसात हिरवे रंगद्रव्यच असते. त्याला 'तुराकोव्हर्डिन' म्हणतात, आणि लाल द्रव्यास 'तुरासिन'. दोहोंतही तांबे आहे.

तुरासिनाची रचना पुढे विसाव्या शतकात उलगडली, तेव्हा ते पॉर्फिरिन नावाच्या द्रव्यवर्गातील निघाले. हा वर्ग मोठा कुलीन आहे. आपल्या रक्तास लाली देणारे द्रव्य याच घराण्यातले, आणि झाडाच्या पानास हिरवेपणा देणारे द्रव्यही याच घराण्याचे जवळचे आप्त. या सर्वांच्या रेणूत एक कडे असते आणि त्या कड्याच्या मध्यभागी धातूचा एक कण जडविलेला असतो. रक्तात तो लोहाचा, पानात मॅग्नेशियमचा आणि तुराकोच्या पिसात तांब्याचा. कोंदण साधारण एकच, खडे तीन. आणि एका कोंदणाच्या जोरावर प्राणी श्वास घेतो, दुसऱ्याच्या जोरावर झाड अन्न शिजविते आणि तिसऱ्यामुळे एक पक्षी रंगतो. विविधतेच्या मुळाशी असलेली एकता म्हणतात ती याहून निराळी काय असणार?

हे तांबे पक्ष्यास कोठून मिळते? खाणीतून खचित नव्हे. फळांत, पानांत व कळ्यांत तांब्याचा अत्यल्प अंश असतो, तोच थेंबे थेंबे शरीरात साठतो. येथे आमच्या गृहिणी वाचकांस एक गोष्ट निराळी सांगावयास नको. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते आणि खाणाऱ्यास बाधते. तांबे अल्प प्रमाणात देहास आवश्यक, पण प्रमाण सुटले की विष. तुराको या धातूची वाढती शिल्लक पिसात नेऊन बसवितो. पिल्लाच्या पंखात प्रथम लाली मंद असते. वय व आहार वाढतो तशी ती खुलते.

या लाल रंगाविषयी एक जुनी समजूत अशी होती की पावसात भिजला म्हणजे तुराकोचा रंग धुऊन जातो. हिच्यात अर्धे सत्य आहे. तुरासिन साध्या पाण्यात विरघळत नाही. पण पाण्यात थोडासा क्षार असला, उदाहरणार्थ साबण वा नवसागराचा अर्क मिसळला, तर पिसातील लाली पाण्यात उतरते. रानातील पाऊस काही साबण लावून पडत नाही, त्यामुळे पक्षी बेरंग होत नाही. चर्च महाशयांना मात्र याच गुणाचा उपयोग झाला. रंग पिसातून सोडवून घेण्याची किल्ली त्यांना त्यात सापडली.

सर्वच तुराको असे ताम्रालंकृत नाहीत. कुळातील सर्वांत थोरला, निळा महातुराको, चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत ७० ते ७५ सेंटिमीटर भरतो व वजनाने सुमारे एक किलोग्रॅम असतो. त्याची पाठ निळी, तुरा काळा, चोच पिवळी व टोकाशी लाल. परंतु पंखातील किरमिजी लाली त्यास नाही. दुसरीकडे, काटेरी माळरानावर राहणारे काही भाऊबंद सरसकट राखी रंगाचे आहेत. त्यांचा आवाज इंग्रजी कानास 'गो अवे' असा ऐकू येतो, म्हणून त्यांचे नावच 'गो-अवे-बर्ड', म्हणजे 'चालता हो' पक्षी, असे पडले! शिकारी दबकत दबकत हरणाजवळ जातो न जातो तोच हा झाडाच्या शेंड्यावरून ओरडतो, आणि हरणे सावध होऊन पळतात. शिकाऱ्यांच्या शिव्या व हरणांचा दुवा हे दोन्ही त्याने सारख्याच उदासीनतेने पदरी घेतले असले पाहिजेत.

अरण्यातील तुराकोचा दिनक्रम उंच झाडांच्या माथ्यावर चालतो. पंख आखूड व गोलाकार असल्यामुळे लांब उड्डाणात तो कच्चा आहे. चार वेळा पंख फडफडवून तो एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो, आणि तेथे पोहोचला म्हणजे मात्र त्याचे खरे कौशल्य दिसते. फांद्याफांद्यांवरून तो खारीसारखा धावतो. त्याच्या पायाचे बाहेरचे बोट पुढेही वळते व मागेही. त्यामुळे फांदी जाड असो वा बारीक, पकड सुटत नाही. जमिनीवर तो क्वचितच उतरतो, तेही पाणी पिण्यासाठी किंवा स्नानासाठी. सकाळच्या वेळी एका जोडीने 'कॉक्-कॉक्-कॉक्' असा खरखरीत घोष सुरू केला की शेजारची जोडी त्यास उत्तर देते, मग त्यापलीकडची, आणि बघता बघता सारा डोंगर दुमदुमू लागतो. रूप पाहून मधुर कंठाची अपेक्षा करणाऱ्याची मात्र निराशा होते.

त्याचा संसारही पाहण्यासारखा आहे. लिनियसने त्यास कोकिळेच्या गोत्रात घातले खरे, पण कोकिळेचा अवगुण त्याच्यात नाही. आपली अंडी दुसऱ्याच्या घरट्यात टाकून हा मोकळा होत नाही. आजच्या शास्त्राने त्यास त्या गोत्रातून काढून स्वतंत्र गण दिला, हे योग्यच झाले. नर मादीस चोचीने फळ भरवितो. दोघे मिळून काटक्यांचे घरटे रचतात. ते पारव्याच्या घरट्यासारखे इतके विरळ असते की खालून पाहिले तर अंडी दिसावीत. अंडी बहुधा दोन. ती नर-मादी पाळीपाळीने तीन आठवड्यांहून थोडा अधिक काळ उबवितात. पिल्लांच्या अंगावर दाट लव असते. आईबाप फळे गिळून आणतात व ती उलट काढून पिल्लांच्या मुखी घालतात. पिल्लांची आणखी एक खूण म्हणजे पंखाच्या टोकाशी असलेली लहानशी नखी. उडता येण्यापूर्वीच ती घरटे सोडून आसपासच्या फांद्यांवर चढउतर करू लागतात, आणि पंख बळकट होईपर्यंत त्यांचे शिक्षण असे फांद्यांवरच चालते.

एवढ्यावर थांबलो असतो तर एका सुंदर पक्ष्याचे वर्णन केल्याचे समाधान आम्हांस लाभले असते. परंतु तुराकोची खरी थोरवी त्याच्या पिसात नसून पोटात आहे. तो फळ चावीत नाही, फोडीत नाही, सबंध गिळतो. गर पचतो, आणि बी अखंड बाहेर पडते, तेही बहुधा मातृवृक्षापासून दूर. ज्या झाडाचे फळ त्याच झाडाखाली पडते, तेथे सावली दाट, किडीचा उपद्रव अधिक आणि भावंडांची गर्दी. असल्या ठिकाणी रोप क्वचितच तगते. दूर पडलेल्या बीला नवी भूमी व उजेड मिळण्याचा संभव असतो. रुवांडातील न्युंग्वे येथील डोंगरी अरण्यात तुराकोच्या तीन जाती एकत्र राहतात. त्यांच्या आहाराचा व बीजप्रसाराचा बारकाईने केलेला अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. निळा महातुराको पाने पुष्कळ खातो, धाकटे दोघे फळांवर अधिक अवलंबून असतात. परंतु तिघेही त्या अरण्याचे माळी आहेत, हे त्यातून दिसून आले. धर्मशास्त्राने मनुष्यास तीन ऋणे सांगितली आणि ती फेडण्याविषयी बजावले. तुराकोस कोणी बजावले नाही. तरी अरण्याकडून घेतलेल्या फळाचे ऋण तो रोजच्या रोज बियांच्या रूपाने फेडतो, आणि तांब्याचा लाभांश तेवढा अंगावर मिरवितो.

हा व्यवहार फार जुना आहे. अमेरिकेतील वायोमिंग प्रांतात सुमारे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या खडकात एका पक्ष्याचा सांगाडा सापडला होता. तो तुराको कुळाचा अतिप्राचीन पूर्वज-बंधू होय, असे २०१८ साली दोन संशोधकांनी प्रतिपादिले. त्याचे पाय लांब होते व तो जमिनीवर वावरत असावा. याचा अर्थ असा की आज केवळ आफ्रिकेत उरलेले हे घराणे एके काळी दूरदूर पसरले होते. जे कूळ एकदा एवढे आकुंचन पावले, त्याच्या उरलेल्या घरांविषयी निष्काळजी राहून चालणार नाही.

काही जातींचे हे उरलेले घर किती लहान आहे, ते एका हकीगतीवरून कळेल. इटलीचा राजपुत्र युजेनियो रुस्पोली इथिओपियाच्या दक्षिण भागात प्रवास करीत असता १८९३ साली हत्तीच्या हल्ल्यात मरण पावला. त्याच्या संग्रहात एका अनोळखी तुराकोचा नमुना सापडला. पण तो कोठे मिळाला, याची टिपणे नव्हती, आणि सांगणारा तर गेला होता. साल्व्हादोरी या पक्षिशास्त्रज्ञाने १८९६ साली त्या पक्ष्यास रुस्पोलीचे नाव दिले. तो पक्षी पुन्हा जिवंत पाहण्यास शास्त्रज्ञांना विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकाची वाट पाहावी लागली. दक्षिण इथिओपियातील थोड्याशा वनप्रदेशापलीकडे तो कोठेच नाही.

याहूनही चिंताजनक स्थिती बॅनरमन तुराकोची आहे. पश्चिम कॅमेरूनमधील बामेंडा पठाराच्या उंच डोंगरांवरच तो राहतो. हा डोंगराळ मुलूख सुपीक, वस्ती दाट. शेतीसाठी, सरपणासाठी व गुरांच्या कुरणांसाठी पिढ्यान्पिढ्या जंगल मागे हटत गेले. तेथे आफ्रिकी चेरी नावाचा वृक्ष वाढतो. त्याची फळे तुराको कुळातील पक्षी खातात; पण त्याच्या सालीपासून वृद्ध पुरुषांच्या मूत्रविकारावर औषध होते, आणि परदेशातून सालीस मागणी आली. साल चोहोबाजूंनी सोलली की झाड वाळते. अशा रीतीने दूरदेशीच्या आजोबांचे औषध या पक्ष्याच्या ताटातील घास ठरले. आज जगभरच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत बॅनरमन तुराकोचे नाव आहे.

तरीही त्या डोंगरातील लोक या पक्ष्याचे वैरी नाहीत. तेथील संस्थानिकांस 'फॉन' म्हणतात. फॉनने एखाद्या कर्तबगार पुरुषाचा गौरव केला की त्याच्या टोपीत तुराकोचे लाल पीस येते. ते पीस मिरविणे हा मोठा मान. आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकास एस्वातिनी देशातही जांभळ्या तुऱ्याचा तुराको हा राष्ट्रीय पक्षी असून राजघराण्यातील व्यक्ती त्याची लाल पिसे मस्तकी धारण करतात. परंतु पिसाचा मान राखायचा आणि पक्ष्याचे झाड तोडायचे, हे दोन्ही फार दिवस एकत्र नांदू शकत नाहीत.

ही गोष्ट ध्यानी घेऊन १९८७ साली एका आंतरराष्ट्रीय पक्षिरक्षण संस्थेने ओकु सरोवराभोवतीच्या किलुम डोंगरावर ग्रामस्थांच्या साह्याने काम आरंभिले. किलुम व इजिम मिळून हे वन सुमारे २०,००० हेक्टरांचे. नुसते पहारे बसविले असते तर ते टिकले नसते. गावकऱ्यांनीच वनाची सीमा आखून मान्य केली, मातीची धूप थांबविण्याचे उपाय योजिले आणि मधुमक्षिकापालनास उत्तेजन मिळाले. ओकुचा शुभ्र मध प्रसिद्ध आहे, आणि मध हवा असेल तर फुले हवीत, फुले हवीत तर झाडे हवीत, हे गणित कोणत्याही पोराला पटण्यासारखे आहे. १९८८ व २००१ या सालांतील उपग्रहचित्रे ताडून पाहिली, तेव्हा तेथे वन काही अंशी पुन्हा वाढल्याचे आढळले. दुर्दैवाने त्या प्रांतात २०१६ साली असंतोष उसळला आणि २०१७ पासून त्यास सशस्त्र संघर्षाचे रूप आले. माणसांचीच घरे जेथे जळतात, तेथे पक्ष्याच्या घराची आठवण कोण ठेवणार? तरी एकदा साधलेली गोष्ट पुन्हा साधू शकते, एवढा आधार त्या अनुभवाने दिला आहे.

तुराकोच्या पंखातील लालीचा इतिहास उलटा वाचीत गेले तर तो झाडापाशी येऊन थांबतो. लाली तांब्याची, तांबे फळाचे, फळ झाडाचे, आणि झाड पुष्कळदा कोणा पूर्वीच्या तुराकोनेच पेरलेले. या साखळीतील कोणतीही कडी तुटली तर बाकीच्या निरुपयोगी होतात. संग्रहालयाच्या पेटीत ते पीस आणखी शंभर वर्षेही लाल राहील, कारण तांब्याचा तो रंग सहसा विटत नाही. परंतु त्या पेटीतील पिसाने एकही झाड उगवणार नाही. ते काम जिवंत पक्ष्याचे आहे, आणि तो जिवंत राहावा एवढेच अरण्य त्याच्यासाठी राखून ठेवणे हे काम मनुष्याचे आहे.